प्रागला जाऊ दे, पण परतीची गाडी आधी ठरू दे

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लेक जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करते, जाऊन वर्षही झालेलं नाही. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी दोन मैत्रिणींबरोबर प्रागला जायचं आणि रविवारी रात्री परत यायचं म्हणते. तिच्या बाबांचं म्हणणं, कर्ज काढून शिकायला पाठवलंय, फिरायला नाही. तुमची काळजी वेगळी आहे. जर्मनीच्या व्हिसावर दुसऱ्या देशात जाता येतं का, आणि तिथं काही झालं तर आपण कोल्हापुरात बसून करणार काय?

मी राजारामपुरीत बावीस वर्षं बाहेर शिकायला जाणाऱ्या मुलांची व्हिसाची कागदपत्रं आणि तिकिटं करतोय. माझं मत सांगतो. तिला जाऊ द्या. फक्त अशा दोन दिवसांच्या सहलीची आखणी परतीपासून सुरू करायची. जायचं कसं, बघायचं काय हे पोरं रात्र-रात्र जागून ठरवतात. यायचं कसं याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि माझ्याकडे रडत आलेले बहुतेक फोन परतीच्या वाटेवरून आलेले आहेत.

आधी व्हिसा. प्राग ज्या देशात आहे तो चेक प्रजासत्ताक २१ डिसेंबर २००७ पासून शेंगेन देशांमध्ये आहे, म्हणजे एका व्हिसावर एकमेकांकडं जाऊ देणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. तुमच्या लेकीकडे जर्मनीचं चालू मुदतीचं रेसिडन्स कार्ड, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, असेल, तर त्याच्या जोरावर ती दुसऱ्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरू शकते. वेगळा व्हिसा लागत नाही. भारतातून जाताना मिळालेला जर्मनीचा लांब मुदतीचा डी व्हिसा अजून चालू असेल तरी हीच सवलत आहे. मात्र कार्ड एकटं पुरत नाही. कार्ड आणि मूळ पासपोर्ट दोन्ही जवळ लागतात. झेरॉक्स नाही, मोबाईलमधला फोटो नाही.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण तिकडं दोन-चार महिने राहिलेली मुलं बेफिकीर होतात. आपण कोल्हापूरहून निपाणीला जातो तेव्हा राज्य बदललं हे जाणवतही नाही. पण २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटी-पीसीआरचा कागद मागायला लागले, तेव्हा रोज जाणारी माणसंसुद्धा परत फिरली. जर्मनी आणि चेकमधली सीमा आज तशी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जर्मनीने तिथं पुन्हा तपासणी सुरू केली आणि सप्टेंबर २०२४ पासून ती सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर लागू केली. प्रागकडं जाताना बहुधा कुणी विचारत नाही. येताना मात्र सीमेजवळच्या बाड शांडाउ या जर्मन स्टेशनवर पोलीस डब्यात चढतात.

गारगोटीकडची एक मुलगी माझ्याच ऑफिसमधून ड्रेस्डेनला गेली. पासपोर्ट हरवायला नको म्हणून तिने तो खोलीतल्या कपाटात कुलपात ठेवला आणि नुसतं कार्ड घेऊन प्रागला गेली. तिचा हेतू चांगलाच होता. येताना बाड शांडाउला तिला खाली उतरवलं. मैत्रिणी गाडीबरोबर पुढं गेल्या. पोलीस नीट वागले, खोलीत बसवलं, पाणी दिलं, संगणकावर तिची नोंद तपासली. पण तोवर रात्र झाली होती आणि तिथून पुढच्या गाड्या विरळ. तिने मला फोन केला तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार वाजून गेले होते. आवाज इतका कापरा होता, की आधी मी ओळखलाच नाही. सोमवारी सकाळचं प्रॅक्टिकल बुडलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक मुलाला सांगतो, पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात आणि कार्ड आतल्या खिशात. दोन्ही एका ठिकाणी ठेवायचे नाहीत, म्हणजे एक गेलं तरी दुसरं हातात राहतं.

आता लेकीला आजच फोन करून एक गोष्ट विचारा. कार्डावरची मुदत कोणत्या तारखेची आहे? पहिल्या वर्षात बऱ्याच मुलांचा व्हिसा संपायला आलेला असतो आणि कार्ड छापून यायचं असतं. मधल्या काळासाठी तिथलं परदेशी नागरिकांचं कार्यालय एक तात्पुरता कागद देतं. त्यावर जर्मनीत राहता येतं, पण म्हणून सीमा ओलांडता येईलच असं नाही. त्या कागदाचे प्रकार वेगवेगळे आहेत. तिच्या हातात नुसता तो कागद असेल, तर कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं, आणि उत्तर येईपर्यंत जर्मनीतच कुठंतरी फिरावं. लाइपझिग आहे, बर्लिन आहे. प्राग कुठं पळून जात नाही.

ज्यांची मुलं इतरत्र आहेत त्यांच्यासाठी एवढंच. इंग्लंडच्या स्टुडंट व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. त्याला वेगळा शेंगेन व्हिसा लागतो, त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि निकालाला साधारण पंधरा दिवस धरावे लागतात. गडहिंग्लजच्या एका मुलाने लंडनहून पॅरिसचं विमान आणि हॉटेल दोन्ही परत न मिळणाऱ्या दरात घेतलं आणि विमानतळाच्या काउंटरवरून परत आला. आयर्लंडचंही वेगळं आहे, तो देश शेंगेनमध्ये नाही. अमेरिकेतून टोरांटोला जाऊन यायचं तर कॅनडाचा व्हिसा हवा आणि आय-ट्वेंटीवर, म्हणजे कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, कॉलेजची प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी. या सगळ्यांत जर्मनीतल्या मुलांचं नशीब चांगलं आहे.

आता परतीची गाडी. ड्रेस्डेन ते प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूर-पुण्यापेक्षाही कमी वेळ. जवळ आहे म्हणूनच पोरं शेवटच्या गाडीवर विसंबतात. माझा नियम आहे, रविवारी शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरायची. ती चुकली किंवा रद्द झाली तर मागं एक गाडी शिल्लक असते. शेवटची चुकली तर रात्र स्टेशनवर, नाहीतर आयत्या वेळच्या महाग हॉटेलात. प्रागच्या मुख्य स्टेशनचं नाव फलकावर 'प्राहा ह्लाव्नी नाद्राझी' असं असतं. प्रागमध्ये दुसरीही स्टेशनं आहेत, म्हणून तिकिटावर कोणतं नाव आहे ते नीट वाचावं. फलाट क्रमांक बोर्डावर उशिरा लागतो, त्यामुळे पाऊण तास आधी पोचून बोर्डासमोर उभं राहावं. सोमवारी सकाळी आठला लॅब असेल तर रविवारी दुपारचीच गाडी. आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल, तर तिच्या बाबांच्या बाजूने मी उभा राहीन.

स्वस्त तिकीट त्याच एका गाडीपुरतं असतं, हे तिला माहीत असेलच. तीन-चार आठवडे आधी काढलं तर दोन्ही बाजूंचं मिळून तीस-चाळीस युरोंत जमतं, आदल्या दिवशी काढलं तर दुप्पट जातं. गाडी एक तास उशिरा पोचली तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तास उशिरा पोचली तर ५० टक्के रक्कम मागता येते, हा युरोपातला नियम आहे. आपली मुलं संकोचाने मागतच नाहीत. मागावी. तिच्याकडे विद्यापीठाचं सेमिस्टर तिकीट आहे, त्यावर सीमेपर्यंतचा लोकल गाडीचा प्रवास होतो, सीमेपासून पुढचं तिकीट वेगळं काढता येतं. पैसे वाचतात, पण गाड्या बदलाव्या लागतात. जाताना असं गेलं तर चालेल, रविवारी येताना मात्र सरळ एकाच गाडीने यावं. दिवसाची गाडी मिळाली तर प्रागकडं जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसायला सांगा. बरीचशी वाट एल्ब नदीच्या काठाने जाते, पलीकडं वालुकाश्माचे उंच सुळके. चेकमध्ये गेल्यावर त्याच नदीला लाबे म्हणतात.

तिच्या बाबांचा पैशांचा मुद्दा मी हलका समजत नाही. त्यांनी कर्ज काढलंय, हप्ता त्यांना दिसतो. पण हिशेब मांडून बघू. जर्मनी विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्याला, सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरो धरते, वर्षाचे ११,९०४. तिघी मिळून गेल्या, हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये राहिल्या, एक वेळ बाहेर जेवल्या आणि एक वेळ सुपरमार्केटमधलं खाल्लं, तर माझ्या अंदाजाने माणशी १३० ते १६० युरोंत सहल होते. दर महिन्याला परवडणार नाही, सेमिस्टरमध्ये एकदा परवडतं. शिवाय मार्च २०२४ पासून तिकडं विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. ती कुठं काम करत असेल तर तिला सांगा, हा खर्च तुझ्या कमाईतून कर. माझा अनुभव असा, की स्वतःच्या पैशाने गेलेली मुलं तिकीटही वेळेत काढतात आणि नकाशाही वाचून जातात.

प्रागमध्ये पैशाला खरा धोका खिसेकापूंपेक्षा नोटा बदलण्याच्या खिडक्यांवर आहे. चेकमध्ये युरो चलन नाही, कोरुना आहे. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना मिळायला हवेत. जुन्या शहरात दर चौकात 'कमिशन शून्य' अशी मोठी पाटी असते, आणि त्या खिडकीत युरोला सोळा-सतरा कोरुना हातावर ठेवतात. कमिशन खरंच शून्य असतं, लूट दरात असते. एप्रिल २०१९ पासून तिथं कायदा आहे, पावती असेल तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून पैसे परत घेता येतात, हजार युरोंपर्यंतच्या रकमेला. म्हणून पावती मागायचीच. रस्त्यात कुणी 'चांगला दर देतो' म्हणत नोटा पुढं केल्या तर थांबायचंच नाही. त्यात दुसऱ्याच देशाच्या चलनातून गेलेल्या नोटा असतात.

तसं पाहिलं तर रोख फारशी लागतच नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. मशीनवर प्रश्न येतो, युरोत घ्यायचे की कोरुनात? दर वेळी कोरुना निवडायचं. युरो निवडलं की दर मशीनवाला ठरवतो. तुम्ही इथून युरो भरून दिलेलं फॉरेक्स कार्ड कोरुनात वापरलं की त्यावर बहुधा जादा आकार बसतो, म्हणून तिथल्या बँकेचं कार्ड वापरावं आणि फॉरेक्स कार्ड अडचणीसाठी वेगळ्या जागी ठेवावं.

ट्रामच्या तिकिटाबद्दल एक. कागदी तिकीट काढलं म्हणजे झालं असं नाही. ट्राममधल्या पिवळ्या यंत्रात ते घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते, मेट्रोत ती यंत्रं खाली उतरायच्या आधी असतात. २०१४ ला मी इथला एक गट घेऊन गेलो होतो. गटातल्या एका काकांनी तिकीट जपून, घडी न घालता शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, छाप मारलाच नव्हता. तपासनीसाने ते कोरं तिकीट हातात धरून आमच्यासमोर उलटंपालटं केलं आणि जागेवर दंड घेतला. काका दिवसभर बोलले नाहीत. आयुष्यात विनातिकीट प्रवास न केलेला माणूस, त्यांना तो दंड जिव्हारी लागला. तो छाप माझ्या लक्षात राहायला हवा होता. तेव्हापासून मी मुलांना चोवीस तासांचा पास घ्यायला सांगतो. त्यावर पहिल्या वेळी एकदा छाप घेतला की पुढं बघावं लागत नाही.

बघायचं काय हे तिचं तिने ठरवावं, तरी दोन दिवसांचं म्हणून माझा आग्रह आहे तो सांगतो. नोव्हेंबरात तिथं साडेचारच्या सुमाराला अंधार पडायला लागतो, थंडी शून्याच्या आसपासही जाते. म्हणजे सकाळ हीच खरी मिळकत. चार्ल्स पुलाचा पाया १३५७ साली घातला गेला, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आहेत. दहानंतर तिथं महाद्वार रोडच्या दिवाळीसारखी गर्दी असते. सकाळी सातच्या आत जावं, तेव्हा पुलावर धुकं असतं आणि पायाखालचा दगड दिसतो. तिथून बावीस नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर. याच ट्राममध्ये खिसे कापले जातात, तेव्हा सॅक पुढं घ्यायची. जुन्या चौकातलं घड्याळ १४१० सालचं. दर तासाला वरच्या खिडकीतून बाहुल्या फिरतात आणि शेकडो माणसं माना वर करून उभी राहतात. एकदा बघावं, पण पर्सवर हात ठेवून.

आणि एक ठिकाण चुकवू नये. ज्यू वस्तीतलं पिंकास सिनेगॉग. नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या जवळपास ८० हजार ज्यू माणसांची नावं तिथल्या भिंतींवर हाताने लिहिलेली आहेत, जमिनीपासून छतापर्यंत. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीत कोंडलेल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. घर, फुलपाखरू, झाड. मी तिथं दोनदा गेलोय, दोन्ही वेळा बाहेर आल्यावर बराच वेळ बोलावंसं वाटलं नाही. शनिवारी ते बंद असतं, ज्यू लोकांचा शब्बाथ असतो. त्यामुळे रविवारी सकाळी जाता येईल अशी आखणी हवी. दरवर्षी किती मुलं शनिवारी दारावरून परत येतात.

तिची सहल १७ नोव्हेंबरच्या आसपास असेल तर फार चांगलं. १९३९ मध्ये नाझींनी त्या दिवशी तिथली विद्यापीठं बंद केली, आणि १९८९ मध्ये त्याच तारखेला विद्यार्थ्यांच्या मोर्चातून कम्युनिस्ट राजवट उलथायला सुरुवात झाली. नारोद्नी रस्त्यावर लोक मेणबत्त्या लावतात. तिथून चालत वेन्सेस्लास चौकात यावं. यान पालाख नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोव्हिएत सैन्याच्या ताब्याविरुद्ध १६ जानेवारी १९६९ रोजी तिथं स्वतःला पेटवून घेतलं. संग्रहालयासमोर फरसबंदीत त्याची खूण आहे. आपली मुलं चौकात खरेदी करून जातात, ती खूण त्यांच्या पायाखालून जाते.

त्याच चौकात बाटाची अनेक मजली काचेची इमारत आहे, १९२० च्या दशकाच्या शेवटी बांधलेली. आपल्याकडे चपलांच्या गावातसुद्धा अनेकांना बाटा भारतीय वाटतं. ती कंपनी १८९४ साली चेक भूमीतल्या झ्लिन गावात सुरू झाली. जोड्यांवरून आठवलं, तिथले सगळे जुने रस्ते दगडी गोट्यांचे आहेत आणि पावसात निसरडे होतात. जाड तळाचे, घोट्यापर्यंतचे बूट हवेत.

जेवणाचं. ती मांसाहार करत असली तरी गुलाश मागवण्याआधी विचारून घ्यावं, ते बहुधा गोमांसाचं असतं. मेनूवर होव्येझी म्हणजे गोमांस, वेप्झोवे म्हणजे डुकराचं, कुर्झेत्सी म्हणजे कोंबडी, एवढे तीन शब्द लिहून ठेवले की भागतं. शाकाहारीला तळलेलं चीज सगळीकडे मिळतं. आणि भांगेच्या पानाचं चित्र असलेली चॉकलेटं-गोळ्या विकणारी दुकानं दर गल्लीत दिसतील. मजा म्हणूनही विकत घेऊन सीमेवर आणू नयेत.

आता तुमच्या मनातली मुख्य भीती, काही झालं तर. तिचा विमा जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्यात असेल तर कार्डाची मागची बाजू म्हणजेच युरोपीय आरोग्य कार्ड. चेकमध्ये अचानक आजारी पडली तर सरकारी व्यवस्थेतल्या दवाखान्यात ते चालतं. खासगी विमा असेल तर आधी कंपनीला विचारावं. अडचणीला फोन ११२, हा नंबर सगळ्या युरोपात एकच. पासपोर्ट गेलाच तर पहिल्यांदा पोलिसांत नोंद आणि त्याचा कागद, मग प्रागमधल्या भारतीय दूतावासाला फोन. शनिवार-रविवार दूतावासाचं काउंटर बंद असतं, म्हणून त्यांचा तातडीचा नंबर वेबसाइटवरून निघण्याआधीच कागदावर लिहून घ्यावा. मोबाईलही चोरीला जाऊ शकतो. दूतावास तातडीचा जो दाखला देतो तो भारतात परतण्यापुरता असतो, त्यामुळे जर्मनीत परत कसं जायचं हे त्यांना विचारूनच पुढचं पाऊल टाकावं. पासपोर्ट आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन तुमच्याकडे ईमेलवर आजच मागवून घ्या. अडचणीच्या वेळी ते तिला पाठवणं, हे काम कोल्हापुरातून होणार आहे आणि ते मोठं काम आहे.

रात्रीचं म्हणाल तर प्रागच्या ट्राम रात्रभर चालतात आणि रात्रीच्या सगळ्या लाझार्स्का नावाच्या थांब्यावर एकत्र येतात. हॉस्टेल ट्रामच्या थांब्याजवळ घेतलं की टॅक्सीची गरज पडत नाही. तिघींनी एकत्र परतायचं, एकीला मागं ठेवायचं नाही, हे मात्र तुम्ही तिघींनाही सांगा. तुमची लेक ऐकून घेईल, मैत्रिणींना कुणाच्या तरी आईने सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.

आणि ताई, तुमच्यासाठी एक विनंती. नोव्हेंबरात आपण त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढं असतो. ती रात्री अकराला हॉस्टेलवर पोचेल तेव्हा तुमच्याकडे साडेतीन वाजलेले असतील. दर तासाला फोन केलात तर तिची बॅटरी उतरेल, आणि पूल चढताना ती फोन बघत चालेल. दोन मेसेज ठरवा. रात्री खोलीवर पोचल्याचा एक आणि रविवारी गाडीत बसल्याचा एक. दुसऱ्या मेसेजबरोबर डबा क्रमांकाचा फोटो मागा. बाड शांडाउ ओलांडल्यावर तिने तिसरा पाठवला तर उत्तमच.

गुरुवारपर्यंत कार्डावरची तारीख मला कळवा. मुदत नीट असेल तर तिच्या बाबांशी मी स्वतः बोलेन, त्यांना संध्याकाळी सातनंतर ऑफिसवर घेऊन या.